हाताला हात

सर्जेराव पोवारांना टपरीवर चहा प्यायचा असला तरी बायको बरोबर लागते, हे बांबवड्यात शाळकरी पोरांनाही माहीत होतं. नवखा माणूस ऐकून हसायचा. मग त्याच्यादेखत सर्जेराव खिशातून कार्ड काढून चहावाल्याच्या यंत्राला टेकवायचे, वैजयंताबाई त्यांच्या कोपराला बोटं लावायच्या, हिरवा दिवा लागायचा आणि दोन चहा यायचे. नवख्याला वाटायचं, बाई भारी संशयी दिसते, नवऱ्याच्या खिशावर पहारा ठेवते. तसं काही नव्हतं. घोळ घातला होता दारातल्या एका पूजेने, आणि तो कळायचा तर आधी ते कार्ड कळायला हवं.

त्या पूजेच्या काही वर्षं आधी मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याचं जाळं अख्ख्या देशात एकदम बंद पडलं होतं. लोकांच्या खात्यात पैसे होते, पण दुधाची पिशवी घेता येत नव्हती. टोलनाक्यांवर ट्रकच्या रांगा एका जिल्ह्यातून निघून दुसऱ्यात पोचल्या. त्या गोंधळातून शहाणं होऊन सरकारने एक जुनीच कल्पना नव्याने आणली. पैसे आधी भरायचे आणि ते कार्डातच साठवायचे. मग रेंज असो नसो, बँक उघडी असो नसो, कार्ड घाटातही चालतं आणि खिंडीतही. अडचण एवढीच की असं कार्ड हरवलं म्हणजे नोटांचं पुडकंच हरवलं. ज्याला सापडेल त्याची चंगळ.

यावर तोड काढली ती हातांचा अभ्यास करणाऱ्यांनी. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. कितीही ताठ धरला तरी तो सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. हृदयाचा ठोका, स्नायूंचा ताण, मेंदू आणि हात यांच्यातली निरोपांची ये-जा, या सगळ्यांची मिळून ती थरथर होते, आणि दोन माणसांची कधी सारखी नसते. तिला हस्तस्पंद असं नाव पडलं. कार्डात तांदळाच्या कणीएवढा संवेदक बसवला, तो हा स्पंद वाचतो. नवं कार्ड पहिल्या तीन स्पर्शांत आपल्या धन्याचा हात शिकतं आणि मग तो त्याच्या चिपमध्ये कायमचा कोरला जातो. पुसायची सोयच ठेवलेली नाही, कारण जे धन्याला पुसता येतं ते चोरालाही येतं. वय वाढेल तसा हात सावकाश बदलतो, तेवढा बदल कार्ड मागोमाग शिकत जातं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नुसतं प्लॅस्टिक. मालवाहू गाडी चालवणाऱ्यांना टोलला, चार्जिंगला आणि जेवणाखाण्याला हे एकच कार्ड. गाडी चोरून नेलीच कुणी, तर पहिल्याच नाक्यावर फाटक उघडत नाही.

कार्डाच्या पाकिटावर ठळक छापलं होतं : पहिले तीन स्पर्श एकट्याने करावेत.

सर्जेरावांचं पाकीट आलं नेमकं खंडेनवमीला. कोल्हापूरचा गूळ घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला उतरायचं आणि नारळ भरून वर यायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळे टेम्पो हे घरातलं दुसरं दैवत. तो धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून अंगणात उभा होता. अशा दिवशी आलेलं कार्ड पूजेत मांडल्याशिवाय वापरणार कोण? गुरव म्हणाले, हळदकुंकू वाहा आणि गाडीतल्या यंत्राला तीनदा टेकवा, शुभकार्यात सगळं तीनदा करावं. आणि सवयीने पुढे म्हणाले, बाईंनी हाताला हात लावा.

सत्यनारायण असो नाहीतर वास्तुशांत, नवरा पळीने पाणी सोडतो तेव्हा बायको त्याच्या हाताला हात लावते, म्हणजे पुण्य दोघांना मिळतं. वैजयंताबाई लग्नापासून लावत आल्या होत्या तशी त्यांनी दोन बोटं नवऱ्याच्या कोपराला लावली. कार्डाने समोर आला तो हात इमानेइतबारे शिकून घेतला. तो हात एकट्याचा नव्हता, दोघांचा मिळून होता.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव घाटमाथ्यावरच्या नाक्यावर अडकले. कार्ड पुसून झालं, हात धुऊन झाला, देवाचं नाव घेऊन झालं, दिवा लालच. मागच्या गाडीवाल्यांनी त्यांचा उद्धार चालवला. शेवटी त्यांनी घरी फोन केला. वैजयंताबाई दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, हाताला भाकरीचं पीठ तसंच ठेवून, नाक्यावर हजर झाल्या. त्यांना वाटलं, नवऱ्याने पहिल्याच दिवशी कार्ड मोडलं. रागाने त्यांनी नवऱ्याचा कोपर धरून हलवला, आणि नेमकं तेव्हाच कार्ड यंत्राला टेकलेलं असल्यामुळे हिरवा दिवा लागला. फाटक वर गेलं. नाक्यावरचा माणूस म्हणाला की बाईंना गाडीतच बसवून न्या, आणि तेव्हापासून त्या बसल्याच.

बदलून घेता आलं असतं कार्ड. पण त्यासाठी कोल्हापूरच्या केंद्रात जाऊन, आम्ही त्याची पूजा केली, हे शिकल्यासवरल्या माणसांसमोर सांगावं लागलं असतं, आणि त्याची दोघांनाही लाज वाटली. खरं सांगायचं तर ते दोघांना आवडलंही होतं. वैजयंताबाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या कार्डाच्या कृपेने. घाटातलं वळण न् वळण त्यांना पाठ झालं, कुठे ब्रेक लावायचा हे त्या सर्जेरावांच्या आधी बोलून दाखवू लागल्या. भांडण झालं तरी ते नाक्यापर्यंतच टिकायचं. सर्जेराव फुगून बसलेले असले की खिडकीतून मुकाट कार्ड बाहेर धरायचे. बाई मुद्दाम समोर बघत बसायच्या. मागून भोंगे सुरू झाले की सर्जेराव मऊ आवाजात म्हणायचे, "लाव की हात." मग त्या लावायच्या. अशी कितीतरी वर्षं सुखात गेली.

मग त्यांच्या लेकीला, अक्षताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अक्षता बांबवड्याला येणार आणि वैजयंताबाईंना काही महिने घर सोडता येणार नाही. टेम्पो तेवढे दिवस दारात उभा ठेवून कसं भागणार? दोघांनी लाज गिळली आणि केंद्र गाठलं.

तिथे मुक्ता सबनीस नावाची तरुण तज्ज्ञ होती. सर्जेरावांनी मान खाली घालून पूजेची हकिगत सांगितली. ती हसली नाही. उलट म्हणाली की गडहिंग्लजच्या एका काकांनी चालू ट्रॅक्टरवर बसून कार्डाचे पहिले तीन स्पर्श केले होते, ते आता भाजी घ्यायलाही ट्रॅक्टर घेऊन जातात. वैजयंताबाईंना एवढं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. नव्या कार्डाआधी चालकाचा हात तपासावा लागतो, असं सांगून मुक्ताने सर्जेरावांच्या समोर एक काळी पाटी ठेवली आणि हात तिच्यावर अलगद टेकवून धरायला सांगितलं. पडद्यावर रेघ उमटू लागली.

बारीक, भराभर होणारी थरथर होती, ती असायलाच हवी होती. पण तिच्या खालून एक मोठी, संथ लाट येत होती. मुक्ताने पाटी पुसली, पुन्हा बघितलं. लाट तीच. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं की शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का, सही अलीकडे बारीक झाली आहे का. सर्जेरावांनी तसलं काही नाही असं ठासून सांगितलं. वैजयंताबाईंना मात्र आठवत होती बशी. आयुष्यभर बशीत ओतून फुर्रकन चहा पिणारा हा माणूस गेल्या वर्षापासून कपाने चहा पितो, आणि तोही अर्धाच कप मागतो. विचारलं तर म्हणाला होता, बशीने पिणं आता बरं दिसत नाही.

"काकू, तुम्ही नेहमी लावता तसा हात लावा बघू," मुक्ता म्हणाली.

वैजयंताबाईंनी हात लावला. पडद्यावरची संथ लाट बसत गेली आणि जवळजवळ नाहीशी झाली. मुक्ता पडद्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होती, म्हणून त्यांनीही बघितलं. कोपराला दोन बोटं नव्हती. त्यांनी नवऱ्याचा कोपर अख्ख्या मुठीत घट्ट धरला होता. दोन बोटांची मूठ कधी झाली, हे त्यांच्या हाताने त्यांना कळूच दिलं नव्हतं.

मुक्ताने मग आडपडदा न ठेवता सांगितलं. अशी संथ थरथर मेंदूच्या एका आजारात दिसते. आजार आहे की नाही हे मेंदूचे डॉक्टर ठरवतील, कार्डवाली नाही. पण लवकर कळलं तर गोळ्या आहेत, व्यायाम आहे, माणूस पुष्कळ वर्षं हिंडूफिरू शकतो. डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत मात्र तिला चालकाचं नवं कार्ड देता येणार नव्हतं, आणि घाटात गाडी घालू नका असं तिने हात जोडून सांगितलं.

"आणि जुनं?" सर्जेरावांनी विचारलं. "ते तर चालतंय न्हवं?"

"चालतंय. ते मी काढून घेऊ शकत नाही, पैसे त्यात तुमचे आहेत," मुक्ता म्हणाली. "पण काका, ते तुमच्या हातावर चालत नाही आता. काकूंच्या हातावर चालतंय."

परतीच्या वाटेवर सर्जेराव यंत्राला शिव्या घालत राहिले. एवढ्याशा पाटीला काय कळतं, सकाळपासून उपाशी होतो म्हणून हात हलला, गुरुवारचा गूळ ठरलेला आहे तो पोचवायचा म्हणजे पोचवायचा. वैजयंताबाईंनी हो-ला हो केलं. त्या आतून पार घाबरल्या होत्या. नवऱ्याचं नाव निघालं की लोक टेम्पोचं नाव काढत. स्टिअरिंग काढून घेतलेला सर्जेराव त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना. आणि मनात एक सोपी वाट दिसत होती. काहीच करायचं नाही. मूठ आवळून धरायची, फाटक उघडत जाईल. अक्षताचं बाळंतपण सासरी करू म्हणावं. कुणाला काही कळणार नाही. दोन दिवस त्यांनी हा विचार घोळवला, आणि त्यातला एक भाग त्यांना खरंच पटला होता.

गुरुवारी त्या गाडीत बसल्या. मलकापूर मागे पडलं, चढ संपला, माथ्यावरचा नाका आला. नाक्यापलीकडे घाट सुरू होत होता. आधीची गाडी गेली, फाटक खाली आलं, सर्जेरावांनी टेम्पो पुढे घेतला, काच खाली केली आणि कार्ड बाहेर धरलं.

वैजयंताबाई समोर बघत बसल्या.

सर्जेरावांना वाटलं, नेहमीची गंमत. ते हसले. मागून एक भोंगा वाजला, मग दुसरा. "लाव की हात," ते म्हणाले.

"न्हाई लावत."

त्यांनी वळून बायकोकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण दोन्ही हात मांडीवर होते आणि ते तिथून हलणार नव्हते.

"अगं, रांग लागलीया मागं."

"लागू द्या. फाटक माझ्या हातानं उघडंल," त्या म्हणाल्या. "खालची वळणं कुणाच्या हातानं घ्यायची?"

सर्जेरावांनी कार्ड यंत्राला टेकवलं, एकट्याने. लाल दिवा लागला. त्यांनी पुन्हा टेकवलं, जोर देऊन. पुन्हा लाल. मग त्यांनी पहिल्यांदाच आपल्या हाताकडे नीट बघितलं. खिडकीबाहेर, सकाळच्या उन्हात, तो हात हलत होता, आणि कार्डाची चकचकीत बाजू त्याच्याबरोबर हलत असल्यामुळे नाक्याच्या भिंतीवर उन्हाचा कवडसा नाचत होता. कवडशाला काही लपवता येत नव्हतं.

"तुला कवापासनं ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"बशी सोडलासा तवापासनं. पर मलाच ठावं करून घ्यायचं न्हवतं."

मागचे भोंगे आता एकत्र वाजत होते. सर्जेरावांनी कार्ड आत घेतलं. नाक्यावरच्या माणसाने मागच्या गाड्या हटवल्या, आणि त्यांनी टेम्पो फार जपून, इंचाइंचाने मागे घेत कडेला लावला. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं पार्किंग असेल. मग त्यांनी गाडी बंद केली, चावी काढली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली. मलकापूरहून पुतण्याला बोलावून त्यांनी गूळ त्याच्या हवाली केला, आणि दोघं एसटीने घरी आली. वाटेत सर्जेराव रडले. वैजयंताबाईंनी त्यांना रडू दिलं, कारण रडायचं कारण खरं होतं.

डॉक्टरांनी आजार आहे असं सांगितलं आणि लवकर आलात असंही सांगितलं. एवढ्या लवकर कसं लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा सर्जेराव म्हणाले, टोलनाक्यावर. गोळ्या सुरू झाल्या, सकाळी चालणं सुरू झालं. टेम्पो पुतण्याकडे भाड्याने होता. संध्याकाळी तो दारात आला की सर्जेराव त्याच्याभोवती एक फेरी मारून चाकं तपासायचे आणि आत येऊन बसायचे. काही मागायचे नाहीत, कुणावर चिडायचे नाहीत. त्या गप्प बसण्याची वैजयंताबाईंना आजारापेक्षा जास्त भीती वाटली.

अक्षताला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि तेराव्या दिवशी जेवताना वैजयंताबाईंनी जाहीर केलं, "मी गाडी शिकतो." कोल्हापूरकडची बाई 'शिकतो'च म्हणणार. अक्षता दचकली, पुतण्याला ठसका लागला. सर्जेरावांनी मात्र घास तसाच धरून विचारलं की शिकवणार कोण. त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय कुणाचं ऐकलंय मी कधी?

मग बाळ झोपलं की आजी गाडीवर. टेम्पो विजेवरचा, गिअरची कटकट नाही. वळणं तर पाठच होती. सर्जेराव शेजारी बसून ओरडायचे, त्या उलट ओरडायच्या, आणि माळावरची गुरं कान टवकारून ऐकायची. घरातलं गप्प बसणं त्या ओरडण्यात कुठल्या कुठे गेलं. पहिल्या परीक्षेत वैजयंताबाई नापास झाल्या, कारण परीक्षकाने ब्रेक कुठे लावायचा ते सांगितलं आणि त्यांनी त्याला तिथे लावायचा नसतो म्हणून समजावलं. दुसऱ्या वेळी त्या गप्प बसल्या आणि पास झाल्या. पुढे मालवाहू गाडीचा परवानाही झाला.

परवाना घेऊन दोघं पुन्हा मुक्ताकडे गेली. काळ्या पाटीवर वैजयंताबाईंचा हात तपासला, त्यात संथ लाट कुठेच नव्हती. मुक्ताने कोरं कार्ड पुढे ठेवलं आणि हसत म्हणाली, "आता मात्र पहिले तीन स्पर्श एकटीने हं, काकू."

वैजयंताबाईंनी कार्ड हातात घेतलं आणि बाजूला बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या. "लावा हात," त्या म्हणाल्या.

मुक्ताने घाईने समजावलं. हात लावला तर कार्ड दोघांचं होईल. पुढे कधीच एकट्याने चालणार नाही, काकूंना एकटीला कुठे जाता येणार नाही.

"एकटीला जायचंय कुणाला?" वैजयंताबाई म्हणाल्या. "ह्यास्नी घरी बसवून मी घाट उतरणार व्हय? लागू दे की त्या फाटकाला ह्यांचा बी हात." मग त्यांनी कार्डाच्या पाकिटावर बोट ठेवलं. "हितं 'करावेत' असं लिवलंय. करायलाच पायजेत असं कुठं लिवलंय?"

मुक्ताने पाकीट हातात घेऊन वाचलं आणि मान डोलावली. काकांचा हात सावकाश बदलत जाईल, कार्ड त्याच्या मागोमाग येईल, असं ती म्हणाली. तिने यंत्र पुढे सरकवलं.

सर्जेरावांनी हात उचलला आणि अर्ध्यात थांबवला. "माझा हात हालतोय," ते म्हणाले.

"हालू द्या. त्याला ते बी शिकू दे."

त्यांनी बायकोच्या कोपराला दोन बोटं लावली. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दिवा हिरवा झाला.

केंद्राच्या खाली चहाची टपरी होती. वैजयंताबाईंनी कार्ड यंत्राला टेकवलं, सर्जेरावांनी हाताला हात लावला आणि दोन पूर्ण कप चहा मागवला. चहावाला त्यांच्याकडे जरा संशयाने बघत होता. सर्जेरावांनी बशी मागून घेतली. चहा ओतताना निम्मा टेबलावर सांडला, उरलेला ते फुर्रकन आवाज करत प्यायले.